खासबागेतील शेवटची रांग

'पंचतारांकित' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे झगमगते हॉटेल उभे राहते, होय ना? पण कोल्हापूरहून बेंगळूरुकडे जाणाऱ्या महामार्गाने कागलच्या दिशेने निघालात, तर 'पंचतारांकित एमआयडीसी' अशी पाटी दिसेल आणि आत वळल्यावर हॉटेलाऐवजी कारखान्यांच्या पत्र्याच्या उंच शेड दिसतील. माझे काही जुने विद्यार्थी तेथे नोकरीला आहेत. खंडेनवमीला तेथील यंत्रे थांबतात, त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात आणि दुपारी सगळे मोकळे असतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका खंडेनवमीला या मुलांनी एका मोकळ्या प्लॉटवर कबड्डीचे सामने ठेवले आणि मला आग्रहाने बोलावले.

मी जरा उशिरा पोचलो. जमीन सपाट, चहूबाजूंनी माणसांचे कडे. मी पाचव्या ओळीत उभा राहिलो आणि अर्धा तास लोकांच्या टोप्या व माना पाहिल्या. आरडाओरडा झाला की गुण मिळाला असे समजायचे! शेजारी एक जण कडेवर मुलगा घेऊन उभा होता. त्या मुलाला सगळे दिसत होते आणि तो बापाला चढाईचे वर्णन करून सांगत होता.

परत येताना मी ही तक्रार केली, तेव्हा एक विद्यार्थी सहज बोलून गेला, "खासबागेत असं होत नाही की ओ, सर. तिथं पार मागं बसलं तरी हौद दिसतोय."

मुलाने म्हटले ते खरेच होते. आणि ते खरे का, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने सोडून द्यावा असा नव्हता.

खासबाग म्हणजे कोल्हापूर शहराच्या मध्यवस्तीतील राजर्षी शाहू खासबाग कुस्ती मैदान, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. पण तुम्ही नागपूरचे किंवा रत्नागिरीचे असाल, तर थोडे सांगितले पाहिजे. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. जन्म 1874 चा. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. स्वतः तालमीत घुमलेले, कुस्तीचे मोठे षौकी. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने ते 1902 मध्ये युरोपात गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधील कलोसियम पाहिले आणि असे काही आपल्या कोल्हापुरात पैलवानांसाठी असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. 1912 मध्ये खासबागेचे मैदान तयार झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौद, आणि त्याच्या चहूबाजूंनी मागे मागे चढत जाणारी बैठकीची जागा. वर छप्पर नाही, मध्ये खांब नाही. तीस हजारांच्या आसपास माणसे येथे बसतात असे सांगतात. एवढी माणसे, आणि तरी सर्वांना कुस्ती दिसते. कशी बरे?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय, मागची जागा उंच केली की झाले." खरे आहे. पण किती उंच? थोडी कमी केली तर दिसणार नाही, आणि उगाच जास्त केली तर माती, दगड आणि पैसा वाया जाईल. शिवाय सगळीकडे सारखाच चढ ठेवायचा की वेगवेगळा? याचे उत्तर समरूप त्रिकोणांत आहे. नववी-दहावीला शिकलेले एवढेच गणित पुरते.

आपण एक कल्पित मैदान घेऊ. प्रेक्षक मांडी घालून बसले आहेत. मांडी घातलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 80 सेंटिमीटर उंचीवर असतात. डोळ्यांपासून डोक्याच्या टाळूपर्यंतचे अंतर सुमारे 12 सेंटिमीटर (पट्टी घेऊन मोजून पाहा, पण मित्राचे मोजा, स्वतःचे नीट मोजता येत नाही). पहिली रांग हौदाच्या मध्यापासून 10 मीटर अंतरावर आहे आणि एका रांगेपासून पुढची रांग 80 सेंटिमीटर मागे आहे. दुसऱ्या रांगेतील माणसाला हौदाचा मध्यबिंदू दिसायचा असेल, तर त्याची दृष्टिरेषा पहिल्या रांगेतील माणसाच्या टाळूवरून गेली पाहिजे. पहिल्याची टाळू 80 + 12 = 92 सेंटिमीटर उंचीवर, 10 मीटर अंतरावर. ही रेषा तशीच मागे 10.8 मीटरपर्यंत वाढवा. समरूप त्रिकोणांवरून तिची उंची 92 × 10.8 ÷ 10, म्हणजे सुमारे 99 सेंटिमीटर येते. दुसऱ्या माणसाचे डोळे एवढ्या उंचीवर हवेत. म्हणजे त्याची बैठक पहिल्यापेक्षा 19 सेंटिमीटर वर हवी.

आता तिसरी रांग. दुसऱ्याची टाळू 111 सेंटिमीटरवर, अंतर 10.8 मीटर. रेषा 11.6 मीटरपर्यंत न्या. उत्तर जवळजवळ 120 सेंटिमीटर येते. चढ 20 सेंटिमीटर. असेच पुढे करीत गेलात, तर एक मजेची गोष्ट लक्षात येईल. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा किंचित मोठी निघते. मी चाळीस रांगांपर्यंत हिशेब केला. चाळिसावी रांग मध्यबिंदूपासून 41.2 मीटरवर येते. तेथील माणसाचे डोळे सुमारे 12 मीटर उंचीवर हवेत, आणि एकोणचाळीस ते चाळीस ही शेवटची पायरी 36 सेंटिमीटरची होते. पहिल्या पायरीच्या जवळजवळ दुप्पट!

तेव्हा उत्तम प्रेक्षागाराचा छेद सरळ रेषेचा नसतो. तो मागे जाता जाता अधिक अधिक उभा होणारा वक्र असतो, काहीसा पसरट वाटीसारखा. एखाद्या मोठ्या क्रिकेट स्टेडियमचे चित्र मिळाले तर बाजूने निरखून पाहा. वरचे मजले खालच्यांपेक्षा अधिक उभे दिसतील. सरळ चढ केला, तर पुढच्या रांगांना गरजेपेक्षा जास्त उंची मिळते आणि मागच्यांना कमी पडते. किंबहुना पुष्कळ ठिकाणी हेच झालेले असते.

येथे चौकस विद्यार्थी दोन शंका काढतील. पहिली अशी की पैलवान काही सारखे मध्यबिंदूवर उभे राहत नाहीत. हौदाच्या अलीकडच्या काठाला कुस्ती आली तर? शंका योग्य आहे. अलीकडचा काठ हा बिंदू धरून तुम्ही हिशेब करा. चढ अधिक लागेल. दुसरी शंका अशी की 12 मीटर म्हणजे तीन-चार मजली इमारतीची उंची झाली, एवढे कशाला? त्यावर माणसांनी आपणहून एक तोड काढलेली असते. पुढच्याच्या बरोबर मागे कोणी बसत नाही. दोन डोक्यांच्या फटीतून दिसेल असे जरा सरकून बसतात. तसे बसले की आपली नजर एका रांगेवरून न जाता एक सोडून पुढच्या रांगेवरून गेली तरी चालते. एका रांगेमागे 12 ऐवजी 6 सेंटिमीटर धरून हिशेब केला, तर चाळिसाव्या रांगेच्या डोळ्यांची उंची 8 मीटरांच्या आत येते. नुसते अर्धा हात बाजूला सरकून चार मीटर मातीचा भराव वाचला!

मात्र चढाचा उपयोग पुढच्याचे डोके चुकवण्यापुरताच नाही. जेवणाचे रिकामे ताट घ्या आणि डोळ्यांच्या पातळीत आडवे धरा. काय दिसते? नुसती कड. आता ताट हळूहळू खाली न्या. कडेची लंबगोल होते, लंबगोल फुगत जातो. ताटातील शेंगदाणा पुढे आहे की मागे, हे आता कळते. हौदाचेही तसेच आहे. हौद 8 मीटर रुंद आहे असे धरू. सपाट मैदानावर 41 मीटर दूर बसलेल्या माणसाची नजर हौदावर जेमतेम एका अंशाच्या कोनात पडते. मध्ये कोणीच नसले, तरी त्याला तो 8 मीटरांचा हौद पुढेमागे दबून 16 सेंटिमीटरांच्या पट्टीसारखा दिसेल. आपल्या वाटीच्या चाळिसाव्या रांगेतून नजर सुमारे साडेसोळा अंशांनी उतरते, आणि तोच हौद सव्वादोन मीटर रुंद पट्ट्यासारखा दिसतो. चौदा पटींहून अधिक! (ज्यांना त्रिकोणमिती आली आहे त्यांनी साइनचे कोष्टक काढून पडताळा घ्यावा.)

कुस्तीत याला फार महत्त्व आहे. मातीतील निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, तो चीत झाला, की कुस्ती संपली. दोन्ही खांदे टेकले की नाही, हा सारा वाद चार बोटांच्या अंतराचा असतो. जत्रेच्या सपाट मैदानात पुढच्या दोन ओळी सोडल्या तर ते कोणालाच दिसत नाही. म्हणून तर तेथे भांडणे होतात. खासबागेत पंचाबरोबर हजारो डोळे खांदा पाहत असतात. लुटुपुटूची कुस्ती, जिला आपण नुरा कुस्ती म्हणतो, ती तेथे फार वेळ खपत नाही. प्रेक्षक लगेच ओरडतो. मला वाटते, मैदानाच्या चढाचा हा खेळावरचा परिणाम कोणी फारसा बोलून दाखवत नाही, पण तो खरा आहे.

आता गोल आकाराकडे वळू. सारे प्रेक्षक हौदाच्या एकाच बाजूला, अर्धवर्तुळात बसवले असते तर? दाटीवाटीने मांडी घालून एका चौरस मीटरमध्ये तीन माणसे बसतात असे धरले, तर 30,000 माणसांना 10,000 चौरस मीटर जागा लागेल. वाटा वगैरे सध्या विसरू. मधली 10 मीटर त्रिज्येची जागा मोकळी सोडून पूर्ण वर्तुळात त्यांना बसवले, तर सर्वांत मागचा माणूस मध्यापासून सुमारे 57 मीटरवर येतो. अर्धवर्तुळात बसवले, तर तो 80 मीटरवर जातो. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जागा अर्धी केली की त्रिज्या जवळजवळ √2 पट होते.

57 मीटर आणि 80 मीटर यांत फरक कितीसा, असे वाटेल. हात लांब करून अंगठा उभा धरा. डोळ्यांपासून तो सुमारे 60 सेंटिमीटरवर असतो आणि त्याची रुंदी 2 सेंटिमीटर असते. म्हणजे गुणोत्तर तीसास एक. पावणेदोन मीटर उंचीचा पैलवान साडेबावन्न मीटरवर उभा असेल, तर तो तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढा उंच दिसतो. खासबागेसारख्या मैदानात शेवटच्या माणसाला पैलवान साधारण अंगठ्याएवढा दिसतो म्हणा ना! 80 मीटरवर तो अंगठ्याच्या दोनतृतीयांश होईल. क्रिकेटच्या चेंडूशी तुलना करा. सव्वासात सेंटिमीटर व्यासाचा चेंडू 100 मीटरवरून पाहिला, तर तो डोळ्याशी फक्त अडीच मिनिटांचा कोन करतो (येथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). निरोगी डोळ्याला एक मिनिटाच्या आसपासचा तपशील कळतो. म्हणजे चेंडू दिसतो खरा, पण त्याची शिवण दिसणे शक्यच नाही. अहमदाबादच्या स्टेडियमवर एक लाख बत्तीस हजार माणसांची सोय आहे. तेथे वरच्या मजल्यावर बसलेला माणूस मोठा पडदा पाहत असतो, यात नवल काही नाही.

तेव्हा कमीत कमी अंतरात जास्तीत जास्त माणसे बसवायची तर वर्तुळाला पर्याय नाही. मग सगळीच प्रेक्षागारे गोल का नसतात? कारण पैलवानाला पुढची-मागची बाजू नसते. तो हौदात सारखा फिरत असतो. या क्षणी त्याची पाठ तुमच्याकडे असली, तर पुढच्या क्षणी तोंड असते. नटाचे तसे नाही. त्याला प्रेक्षकांकडे तोंड करावे लागते.

आणि गंमत अशी की कोल्हापुरात या दोन्ही गोष्टी पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. खासबागेला लागूनच शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले. ते 1915 मध्ये सुरू झाले. आज त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतात. एका बाजूला गोल वाटी, दुसऱ्या बाजूला एकीकडे तोंड केलेला रंगमंच आणि समोर खुर्च्या. दोन्हींचा बांधवणारा एक, काळ जवळजवळ एक, जागा एक. पण जे पाहायचे ते वेगळे, म्हणून आकार वेगळा. ग्रीक लोकांनी नाटकासाठी डोंगराच्या उतारावर अर्धवर्तुळाकार प्रेक्षागारे कोरली होती. रोमन लोकांनी जणू तशी दोन अर्धवर्तुळे समोरासमोर जोडली. 'अँफिथिएटर' या शब्दातील 'अँफि' म्हणजे 'दोन्हीकडून'. इसवी सन 80 मध्ये खुले झालेले कलोसियम मात्र पूर्ण गोल नाही. ते लंबगोल आहे, बाहेरून सुमारे 188 मीटर लांब आणि 156 मीटर रुंद.

फुटबॉलचा विषय काढला नाही तर कोल्हापूरचे वाचक मला क्षमा करणार नाहीत. आमच्याकडे फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्या नावाने खेळतात: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. सामने होतात शाहू स्टेडियमवर. आयताकृती मैदानाला गोल प्रेक्षागार जुळत नाही. बरोबर मध्यरेषेसमोर जागा मिळाली नाही, तर एक गोल जवळ आणि दुसरा लांब असणारच. असो.

डोळ्यांचे झाले, आता कानांचे पाहू. येथे गोल मैदानाची बाजू जरा लंगडी पडते.

खुल्या जागेत आवाज सर्व दिशांना पसरतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता एकचतुर्थांश होते. डेसिबेलच्या भाषेत प्रत्येक दुपटीला 6 डेसिबेल वजा करायचे. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाचा आवाज एक मीटरवर 75 डेसिबेल धरा. 2 मीटरवर 69, 4 मीटरवर 63, असे करत 64 मीटरवर तो 39 डेसिबेल उरतो. वाचनालयातील शांततेत तो ऐकू येईल. पण हजारो माणसे नुसती कुजबुजत, शेंगा सोलत बसली तरी तेथे 60 डेसिबेलचा गलका असतो. शिवाय तोंडातून निघणारा आवाज, विशेषतः 'स', 'त', 'क' यांसारख्या व्यंजनांचा, समोरच्या बाजूला अधिक जातो. म्हणजे मैदानाच्या मध्यभागी उभे राहून कोणी भाषण केले, तर पाठीमागच्या अर्ध्या लोकांना स्वर ऐकू येतील, शब्द कळणार नाहीत. सार्वजनिक सभांना व्यासपीठ एका टोकाला असते, याचे एक कारण हे.

ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी कुस्तीच्या मैदानात काय वाजे? हलगी आणि शड्डू! दोन्ही आवाज तीव्र, आखूड आणि कडक असतात. गलक्यातून असे आवाजच वर येतात. आणि त्यांना शब्द नसल्यामुळे अर्थ हरवण्याचीही भीती नाही. पुढच्या वेळी मैदानात गेलात, तर मुद्दाम मागे बसा आणि पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा त्याच्या हाताकडे नीट पाहा. हात दंडावर पडलेला आधी दिसेल आणि आवाज किंचित मागून येईल. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. 57 मीटरवर हा उशीर सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा होतो. लक्ष दिले तर तो नक्की जाणवतो.

हाच उशीर सभांमध्ये घोटाळा करतो. एक कर्णा तुमच्यापासून 5 मीटरवर आणि दुसरा 60 मीटरवर असेल, तर एकच शब्द दोनदा कानावर येतो. मध्ये सेकंदाच्या सहाव्या भागाचे अंतर. दोन आवाजांतील अंतर साधारण सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षा कमी असेल, तर कान त्यांना एकत्र करून घेतो, उलट आवाज अधिक भरीव वाटतो. त्याहून जास्त झाले की शब्दावर शब्द चढतो. सेकंदाच्या विसाव्या भागात आवाज 17 मीटर जातो, हे लक्षात ठेवलेत तर गणपतीच्या मंडपात कर्णे कोठे बांधावेत, हे तुम्ही मंडळाला सांगू शकाल. (ते ऐकतील याची खात्री देत नाही.) आता मोठ्या मैदानांवर लांबच्या कर्ण्यांना विद्युत्-मंडलाने मुद्दाम तेवढाच उशीर लावतात.

बंद नाट्यगृहात मात्र याच गोष्टीचा फायदा होतो. भिंतींवरून आणि छतावरून परावर्तित झालेला आवाज पहिल्या आवाजाच्या पाठोपाठ, या 17 मीटरांच्या मर्यादेत पोचला, की तो मूळ आवाजाला बळ देतो. केशवराव भोसल्यांच्या पिढीतील गायक-नट ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या खुर्चीपर्यंत गात असत. त्यांच्या कमावलेल्या गळ्याला अशी सभागृहे साथ करीत. लाकडाचे काम आणि जाड पडदे नको तो घुमारा शोषून घेतात.

पण लाकूड आणि कापड यांना आणखी एक गुणधर्म आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली आणि बघता बघता ते जळून गेले. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. जीवितहानी झाली नाही, एवढेच समाधान. मी दुसऱ्या दिवशी तेथे गेलो होतो. काळवंडलेल्या भिंतींकडे पाहताना माझ्या मनात एकसारखा एकच हिशेब येत होता. नाट्यगृह भरलेले असते तर? किंवा शेजारी खासबागेत कुस्त्या चालू असत्या तर?

तो हिशेब आता तुम्हीही करा. चालत्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे असतील, तर ती सेकंदाला साधारण 0.7 मीटर वेगाने पुढे सरकतात. म्हणजे एक मीटर रुंदीच्या वाटेतून सेकंदाला 2 × 0.7 = 1.4 माणसे, मिनिटाला सुमारे 80 माणसे बाहेर पडतात. जिन्यावरून त्याहून कमी. आपल्या 30,000 प्रेक्षकांना 8 मिनिटांत बाहेर काढायचे, तर 30,000 ला 80 × 8 ने भागा. सुमारे 47 मीटर रुंदीची दारे हवीत. तीन मीटरांचे एक दार धरले तर सोळा दारे. आणि चारच दारे उघडी असतील, बाकीच्यांना कुलूप असेल, तर? अर्धा तास लागेल. कलोसियमला चोहोबाजूंनी ऐंशी कमानी होत्या, त्या शोभेसाठी नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, लोक घाई करतील, वेग वाढेल. येथेच निसर्ग उलटा वागतो. घाई केली की माणसे जवळ येतात, एका चौरस मीटरमधील संख्या वाढते आणि पाऊल टाकायला जागा उरत नाही. चार माणसे झाली की चाल अडखळते. सहाच्या पुढे गेले, की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही. गर्दी पाण्यासारखी डुलू लागते. मागच्याने दिलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि पुढे दार बंद असेल, तर सगळा दाब दाराजवळच्या माणसांच्या छातीवर येतो. अशा वेळी माणसे बहुधा पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. उभ्या उभ्या त्यांचा श्वास अडकतो. बरगड्या फुगायला जागाच नसते. 4 जून 2025 रोजी बेंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर, क्रिकेटचा विजय साजरा करायला आलेल्या गर्दीत 11 जण असे गेले. ते मैदानाच्या आत पोचलेसुद्धा नव्हते. कधी अशा गर्दीत सापडलात, तर दोन्ही हात कोपरांत वाकवून छातीपुढे धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. पडलेली चप्पल उचलायला वाकू नका. आणि गर्दीला आडवे न कापता तिरपे सरकत कडेला या. भिंतीकडे मात्र नाही.

आता आपल्या प्लॉटवरच्या कबड्डीकडे परत जाऊ. पुढच्या खंडेनवमीला मुलांनी मला आठ दिवस आधीच गाठले. "सर, यंदा सगळ्यांना दिसलं पाहिजे." मातीचा भराव घालणे काही शक्य नव्हते. मग आम्ही समरूप त्रिकोणांनाच शरण गेलो. क्रीडांगणाच्या मध्यापासून 6 मीटरवर पहिली रांग, ती सतरंजीवर मांडी घालून. डोळ्यांची उंची 80 सेंटिमीटर. दुसऱ्या रांगेला हवे 104, तिला खुर्च्या दिल्या, 120 मिळाले. तिसरीला हवे 148, ती जमिनीवर उभी, दीड मीटरच्या वर. चौथीला हवे 185, ती 45 सेंटिमीटर उंचीच्या बाकांवर उभी, दोन मीटर. पाचवीला हवे 232 सेंटिमीटर. आता काय करावे? एकाने शेतावरची ट्रॅक्टरची ट्रॉली आणली. ट्रॉलीच्या तळावर उभे राहिले की अडीच मीटर सहज झाले. मी मोठ्या समाधानाने ट्रॉलीत चढलो आणि पाचव्या रांगेतून पहिली चढाई स्पष्ट पाहिली.

तेवढ्यात माझे लक्ष मागे गेले. प्लॉटला तारेचे कुंपण होते आणि आत-बाहेर करायला एकच फाटक. आमची ट्रॉली त्या फाटकाला आडवी लावलेली होती.

"अरे, आधी खाली उतरा सगळे," मी म्हणालो. ट्रॅक्टरचा चालक जेवायला गेला होता. त्याला शोधून आणून ट्रॉली कुंपणाच्या कडेला घेईपर्यंत पहिला डाव संपला होता.